विलायतेतील घरात पेइंग गेस्ट आणि सरकारी भत्त्याचा हिशेब

मुलगा शिकायला विलायतेला निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती तिथे ‘आपलं कोण आहे’ याची. कॉलेज, फी, व्हिसा ही कामे नंतरची. कुणाची फुफी लंडनला असते, कुणाचा चुलत मामा बर्मिंगहॅमला, तर कुणाचे गाववाले लँकेशायरच्या जुन्या गिरणगावात चाळीस-पन्नास वर्षांपासून राहत असतात. फोन जातो, सलाम-दुआ होते, आणि पाच मिनिटांत ठरते की मुलगा त्यांच्या मागच्या खोलीत राहील व महिन्याला काहीतरी देईल. ‘काहीतरी’ म्हणजे किती, ते कुठे द्यायचे, त्यात जेवण आहे की नाही, याबद्दल दोन्ही बाजू संकोचाने गप्प राहतात. व्यापारात आम्ही एका ताक्याचा पन्ना आणि मीटर मोजून घेतो. नात्यात मात्र मोजणे म्हणजे कमीपणा वाटतो.

हा संकोच आमच्या हातून एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याला महागात पडला. ती हकीकत पुढे सांगूच. पण आधी विलायतेतला कायदा समजून घेतला पाहिजे. तो समजून घेण्याची गरज ज्याचा मुलगा तिथे जातो त्या बापालाही आहे, फक्त तिथल्या घरमालकाला नव्हे.

ब्रिटनमध्ये सरकारकडून मिळणारे पैसे दोन प्रकारचे असतात. एक प्रकार हक्काचा. उदाहरणार्थ सरकारी पेन्शन, जी नोकरीच्या काळात भरलेल्या वर्गणीवर मिळते, किंवा म्हातारपणी अपंगत्वामुळे मिळणारा अटेंडन्स अलाउन्स. यात घरात कोण राहतो, काय भाडे येते, हे कुणी विचारत नाही. दुसरा प्रकार उत्पन्न आणि शिल्लक तपासून मिळणारा. तुमच्याकडे कमी आहे म्हणून सरकार भर घालते. जितके उत्पन्न वाढेल तितकी भर कमी होते. खोली भाड्याने दिली की प्रश्न येतो तो या दुसऱ्या प्रकाराचा.

आता हा दुसरा प्रकारही एकसारखा नाही. कामाच्या वयाच्या माणसांसाठी २०१३ पासून युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा भत्ता आला आणि हळूहळू जुने बहुतेक भत्ते त्यात विरले. पेन्शनचे वय झालेल्यांसाठी पेन्शन क्रेडिट आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या वृद्धांना भाड्यापुरती मदत म्हणून हाऊसिंग बेनिफिट मिळते. शिवाय नगरपालिकेचा घरावरचा कर, ज्याला तिथे कौन्सिल टॅक्स म्हणतात, त्यात गरिबांना सूट असते. एकच खोली, एकच भाडेकरू, तेच नव्वद पौंड. पण घरमालक कोणता भत्ता घेतो यावर हिशेब पूर्ण बदलतो.

सर्वांत सोपा हिशेब युनिव्हर्सल क्रेडिटचा. पेइंग गेस्टकडून येणारे भाडे तिथे उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. आठवड्याला पन्नास येवोत की शंभर, भत्त्यातून एक पेनीही कमी होत नाही. घरात माणूस राहायला आला हे कळवायचे मात्र असते. एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. कौन्सिलच्या किंवा हाऊसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्याकडे गरजेपेक्षा एक खोली जास्त असेल तर त्याला धरलेल्या भाड्यातून १४ टक्के आणि दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर २५ टक्के कापतात. त्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवला तरी युनिव्हर्सल क्रेडिटच्या नजरेत ती खोली रिकामीच राहते, म्हणून कपात चालूच राहते. समजा महिन्याचे भाडे ५०० पौंड आहे. १४ टक्क्यांनी ७० पौंड गेले. पण पेइंग गेस्टने ३०० दिले आणि ते पूर्ण हातात राहिले, तर २३० चा फायदाच आहे. आमच्या मते कामाच्या वयाच्या, हाताला कधी काम तर कधी नाही अशा शिंपी-कारागीर कुटुंबासाठी यासारखी सवलत दुसरी नाही.

पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याचे तसे नाही. इथे दोन नियम आहेत आणि दोघांमधली भिंत म्हणजे जेवण.

खोली फक्त राहण्यासाठी दिली असेल तर आठवड्याच्या भाड्यातले पहिले २० पौंड सोडून देतात, बाकी सगळे घरमालकाचे उत्पन्न धरतात. भाड्यात जेवण धरलेले असेल तर पहिले २० पौंड सोडतात आणि उरलेल्या रकमेचा अर्धा भागही सोडतात. आठवड्याला ९० पौंडांचा हिशेब करून पाहा. नुसती खोली असेल तर ७० पौंड उत्पन्न धरले जाईल. जेवणासह असेल तर २० सोडले, राहिलेल्या ७० चे अर्धे म्हणजे ३५ सोडले, आणि उत्पन्न धरले फक्त ३५. पहिल्या प्रकारात पेन्शन क्रेडिट ७० ने कमी झाले आणि घरमालकाच्या पदरी २० पडले. दुसऱ्या प्रकारात ३५ कमी झाले, पदरी ५५ पडले. त्यातून डाळ-तांदूळ आणि गॅस वजा करायचे एवढेच.

जेवण म्हणजे तीन वेळची मेजवानी असे नव्हे. कायद्याला इतकेच हवे की ठरलेल्या रकमेत शिजवलेले किंवा तयार केलेले काही जेवण असावे, ते भाडेकरूने स्वतः नव्हे तर दुसऱ्याने केलेले असावे, आणि त्याच घरात खाल्ले जावे. रोज सकाळचा नाश्ता असला तरी चालतो. पण ते ‘ठरलेल्या रकमेत’ असले पाहिजे. वरून प्रेमाने वाढलेली बिर्याणी कायद्याच्या हिशेबात येत नाही.

आता आमची हकीकत

आमची एक खालाजाद बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, लग्नानंतर लँकेशायरमध्ये गेली. दुल्हाभाई तिथल्या कापडगिरणीत रातपाळी करत. त्या काळी आपल्या मुलखातून गेलेले पुरुष एका घरात आठ-दहा राहत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर येऊन झोपे. दुल्हाभाई हसून सांगत की बिछाना कधी थंड होत नसे. पुढे गिरण्या बंद पडल्या. आमच्या भिवंडीच्या मागांचा खडखडाट चालू राहिला आणि जिथून कापडाची यंत्रे जगभर गेली तिथला आवाज बंद झाला, हा विचार मनात येतोच. दोघांची पेन्शन तोकडी, घर मात्र स्वतःचे, जुने, रांगेतले. पेन्शन क्रेडिट आठवड्याला सुमारे ७८ पौंड मिळत होते.

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या एका दोस्ताचा, सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा तिथे एम.एस्सी.ला गेला. आम्ही मध्यस्थी केली. आठवड्याला ९० पौंड ठरवले. आपा म्हणाली, “मुलगा रातचा माझ्या हातचा जेवेल, त्याचे पैसे घेणार नाही, तो आपला मेहमान आहे.” आम्हाला ते ऐकून अभिमान वाटला.

त्याहून मोठी चूक आमची. आम्ही सुचवले की भाडे तिथे देऊच नका. मुलाचा बाप इथे दर महिन्याला रुपये आपाच्या भावाकडे देईल, भाऊ गावच्या घराच्या दुरुस्तीवर खर्च करेल, आणि तिकडे कुठल्या कागदावर हे येणार नाही. त्यावेळी आम्हाला ही हुशारी वाटली. बाजारात अशा परस्पर जमा-खर्चाची सवय असते. माल एकाकडून, पैसे दुसऱ्याला, नोंद तिसऱ्याच्या खतावणीत.

सात महिन्यांनी आपाच्या मुलीने हे ऐकले आणि तिने आमची फोनवरच कानउघाडणी केली. तिचे म्हणणे सरळ होते. आईच्या खोलीचा मोबदला आईला मिळतो, तो पौंडात मिळाला की रुपयांत, मँचेस्टरला की भिवंडीला, याने फरक पडत नाही. ते उत्पन्नच आहे. ते न कळवता पेन्शन क्रेडिट घेणे म्हणजे सरकारला खोटे सांगणे. आणि इकडच्या बाजूनेही प्रकरण साफ नाही. परदेशात राहणाऱ्याच्या वतीने इथे परस्पर रक्कम देण्या-घेण्यावर १९९९ च्या फेमा कायद्याचे बंधन आहे. सरळ मार्ग उघडा असताना आम्ही वाकडा का धरला? रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणूस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेतून बाहेर पाठवू शकतो. विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे त्यापुढे किती?

मुलीने आईला घेऊन जाऊन सगळे कळवले. हिशेब असा निघाला. तीस आठवडे, आठवड्याला ९० पौंड, कागदावर नुसती खोली, म्हणून ७० गुणिले ३० म्हणजे २,१०० पौंड जास्त घेतलेले परत करा. आपा रोज रात्री त्या मुलाला जेवू घालत होती, पण जेवण रकमेत धरलेले नव्हते म्हणून त्याची एक पेनी वजावट मिळाली नाही. जेवण रकमेत धरून तोंडी ठराव जरी केला असता तरी परतफेड १,०५० ची झाली असती. मेहमाननवाजीची किंमत १,०५० पौंड.

स्वतःहून कळवल्यामुळे खटला झाला नाही आणि ५० पौंडांचा जो दंड बदल न कळवणाऱ्याला लागू शकतो तोही लागला नाही. रक्कम मात्र आठवड्याच्या भत्त्यातून कापून घेतली जाऊ लागली. आम्ही आणि मुलाच्या बापाने मिळून ती आपाला भरून दिली, बँकेतून, पावतीसह. दुल्हाभाई त्या काळात फोनवर येत नसत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच सरकारी पत्रात ‘जास्त घेतलेली रक्कम’ हे शब्द वाचावे लागले, ते आमच्या सल्ल्यामुळे.

एक गोष्ट नशिबाने टळली. ७८ मधून ७० गेले तरी ८ पौंड शिल्लक होते. हे आठ पौंड क्षुल्लक वाटतील, पण पेन्शन क्रेडिटमधली जी मुख्य रक्कम, तिला तिथे गॅरंटी क्रेडिट म्हणतात, ती एक पौंड जरी मिळत असली तरी तिच्यामागे बाकीचे दरवाजे उघडे राहतात. कौन्सिल टॅक्समध्ये पूर्ण सूट मिळू शकते, दातांच्या सरकारी उपचाराला पैसे पडत नाहीत, कडाक्याच्या थंडीत जादा रक्कम मिळते, आणि ७५ वर्षांवरील माणसाला टीव्हीचा परवाना फुकट मिळतो. आम्ही भाडे नुसत्या खोलीचे १०० ठरवले असते तर ८० उत्पन्न धरले गेले असते, पेन्शन क्रेडिट संपले असते आणि हे सगळे एकदम गेले असते. दहा पौंड जास्त घेण्याच्या नादात. म्हणून पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याच्या घरी खोली ठरवताना आधी त्याला आठवड्याला किती क्रेडिट मिळते ते विचारून घ्यावे आणि उत्पन्न धरली जाणारी रक्कम त्यापेक्षा कमी राहील असे भाडे बांधावे. हे विचारणे उद्धटपणा नव्हे.

भाड्याच्या घरातले वृद्ध

आपाचे घर स्वतःचे होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या वृद्धाला हाऊसिंग बेनिफिट मिळत असेल तर त्यातही २० पौंडांचा आणि जेवणाचा नियम हाच आहे. ज्याला गॅरंटी क्रेडिट मिळते त्याचे उत्पन्न पुन्हा तपासत नाहीत, म्हणजे त्याच भाड्याचा मार दोनदा बसत नाही. पण ज्याचे उत्पन्न थोडे वर आहे, गॅरंटी क्रेडिट नाही, फक्त हाऊसिंग बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्सची सूट आहे, त्याला प्रत्येक जादा पौंडामागे हाऊसिंग बेनिफिटमधून ६५ पेन्स आणि, इंग्लंडमध्ये, कौन्सिल टॅक्सच्या सुटीतून २० पेन्स जातात. आमच्या भाषेत हा पंच्याऐंशी टक्के वटाव झाला. ९० पौंडांची नुसती खोली: ७० धरले, ४५.५० आणि १४ गेले, हातात राहिले ३०.५०. जेवणासह: ३५ धरले, २२.७५ आणि ७ गेले, राहिले ६०.२५. इथेही जेवणाची थाळी कामाला येते.

कौन्सिल टॅक्सची आणखी एक बाब एकट्या राहणाऱ्या विधवेसाठी महत्त्वाची. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर या करात २५ टक्के सूट मिळते. भत्ता घेत नसेल तरी मिळते. नोकरी करणारा पेइंग गेस्ट आला की ती गेली. पण पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी या मोजणीत धरत नाहीत, म्हणून तो आला तरी सूट टिकते. कॉलेजकडून विद्यार्थी असल्याचे पत्र आणून द्यावे लागते. मुलगा शिक्षण संपवून नोकरीला लागला आणि त्याच खोलीत राहिला की त्या दिवसापासून सूट संपते. हा बदल कळवायला बहुतेक लोक विसरतात.

भाऊ, भाचा आणि कायद्याचे नाते

नात्याच्या बाबतीत आपली आणि तिथल्या कायद्याची समजूत वेगळी आहे आणि इथे सर्वांत जास्त गफलत होते. आई-बाप, सासू-सासरे, मुलगा-मुलगी, जावई-सून, सावत्र आई-बाप व सावत्र मुले, सख्खे भाऊ-बहीण, आणि या सगळ्यांचे जोडीदार, इतक्यांना तो कायदा जवळचे नातेवाईक म्हणतो. यांपैकी कुणी पैसे देऊन राहिला तरी तो पेइंग गेस्ट होत नाही. तो देतो ते पैसे उत्पन्न धरत नाहीत, पण घरमालक भाड्याची मदत घेत असेल तर त्या मदतीतून या माणसाच्या नावाने कपात होऊ शकते. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ही कपात महिन्याला ठरावीक असते व दरवर्षी बदलते. हाऊसिंग बेनिफिटमध्ये त्या माणसाच्या कमाईप्रमाणे असते. दोन्हीत काही अपवाद आहेत, ते प्रत्येकाने तिथे विचारून घ्यावेत.

भाचा, पुतण्या, चुलत-मावस भावंडे, मामा, चाचा हे या यादीत नाहीत. आपल्याकडे भाचा म्हणजे पोटचा मुलगा. तिथे भाचा रीतसर पेइंग गेस्ट होऊ शकतो, जर व्यवहार खरा असेल तर. खरा म्हणजे रक्कम ठरलेली, वेळेवर दिली जाणारी, न दिल्यास खोली सोडायला सांगता येईल अशी. नुसते नावाला भाडे दाखवले तर ते मानत नाहीत.

एका प्रकारात तर हा फरक फार मोठा ठरतो. एकटी राहणारी वृद्ध बाई अटेंडन्स अलाउन्स घेत असेल तर पेन्शन क्रेडिटमध्ये तिला गंभीर अपंगत्वाची वेगळी भर मिळू शकते, ती एकटी राहते म्हणून. तिचा भाऊ किंवा मुलगा कायमचा राहायला आला की ही भर साधारणपणे जाते. दूरच्या नात्यातला विद्यार्थी ठरलेले भाडे देऊन राहिला तर त्यामुळे जात नाही. दोन्ही माणसे तिच्या सोबतीलाच आलेली असतात.

वयाचा एक घोळही आमच्या समाजात बरेचदा येतो, कारण नवरा-बायकोच्या वयात आठ-दहा वर्षांचे अंतर आपल्याकडे नवे नाही. १५ मे २०१९ पासूनचा नियम असा की जोडीतला एकच पेन्शनच्या वयाचा असेल तर नव्याने पेन्शन क्रेडिट मागता येत नाही, दोघांनी युनिव्हर्सल क्रेडिटच घ्यायचे. म्हणजे नवरा ७० चा आणि बायको ६१ ची असेल तर त्यांच्या खोलीचे भाडे आज उत्पन्न धरले जात नाही. बायको पेन्शनच्या वयाला पोहोचली, जोडी पेन्शन क्रेडिटवर गेली, की त्याच खोलीला २० पौंडांचा नियम लागू होतो. हे वय ६६ होते, ते एप्रिल २०२६ पासून दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरलेले आहे. त्या वाढदिवसाच्या आधी भाड्याचा ठराव जेवणासह नवा करून घेणे शहाणपणाचे.

इन्कम टॅक्सबद्दल थोडे. राहत्या घरातली सजवलेली खोली भाड्याने दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. ही मर्यादा एप्रिल २०१६ पासून आहे, त्यात जेवणाचे पैसेही येतात. आठवड्याला ९० म्हणजे वर्षाचे ४,६८०, तेव्हा टॅक्सचा प्रश्नच नाही. यावरून लोक समजतात की टॅक्स नाही तर भत्त्यातही धरणार नाहीत. आपाचीही समजूत तीच होती. टॅक्सचे खाते वेगळे आणि भत्त्याचे वेगळे. आपल्याकडे जीएसटी भरला म्हणून इन्कम टॅक्सवाला सोडतो का?

भाड्याचे पैसे साठवले तर त्याचाही हिशेब आहे. पेन्शन क्रेडिटमध्ये १०,००० पौंडांपर्यंतची शिल्लक बघत नाहीत. त्यावर दर ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ६,००० पासून मोजणी सुरू होते आणि १६,००० च्या वर भत्ताच मिळत नाही. हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम यातून वगळली जाते असा एक समज आम्ही ऐकला. वगळली जात नाही.

खोली देण्याआधी परवानगीचेही पाहावे. कौन्सिलच्या पक्क्या भाडेकरूला १९८५ च्या हाऊसिंग कायद्याने पेइंग गेस्ट ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. खासगी मालकाच्या घरात राहणाऱ्याने मालकाला, कर्जावर घर घेतलेल्याने बँकेला, आणि सर्वांनी विमा कंपनीला विचारावे. दोनपेक्षा जास्त पेइंग गेस्ट ठेवले तर अनेक कुटुंबांच्या घरासाठी असलेले कडक नियम लागू होऊ शकतात. इंग्लंडमध्ये २०१६ पासून घर देणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी आहे. ज्याला खोली देतो त्याला त्या देशात राहण्याचा परवाना आहे की नाही हे आधी तपासून नोंद ठेवायची. न तपासता ठेवलेल्या पेइंग गेस्टकडे परवाना नाही असे निघाले, तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच वेळी ५,००० पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्या मुलाने आपाला ऑनलाइन तपासणीचा कोड स्वतःहून द्यावा. “आपा, माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणू नये. आणि मुलाच्या व्हिसाची काळजी करणाऱ्या बापांसाठी: यजमान भत्ता घेतो म्हणून मुलाच्या व्हिसाला धक्का लागत नाही. बंदी मुलाने स्वतः सरकारी भत्ता मागण्यावर आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले, इंग्रजी सरकारी पत्र वाचताना आजही घाम फुटतो. आपाच्या फॉर्मवर बोर्डर, सबटेनंट आणि नॉन-डिपेंडंट असे तीन शब्द शेजारी शेजारी होते. तिघांचा अर्थ आम्ही ‘घरात राहणारा’ एवढाच घेतला होता. बोर्डर म्हणजे जेवणासह राहणारा, सबटेनंट म्हणजे नुसती खोली घेणारा, नॉन-डिपेंडंट म्हणजे घरातला प्रौढ माणूस, बहुधा नातेवाईक. या तीन शब्दांत वरचा सगळा हिशेब आहे. तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेत अशी पत्रे फुकट समजावून देतात. संकोच न करता जावे.

सूरह बकरामध्ये मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची ताकीद आहे. आम्ही हे दुकानात पाळतो, उधारीची चिठ्ठी घेतल्याशिवाय ताका गाड्यावर चढू देत नाही. आपाच्या घरी यंदा दुसरा मुलगा राहतो आहे, महाडचा, आमच्या ओळखीचा नाही. या वेळी एक पानाचा कागद झाला आहे. त्यावर लिहिले आहे: आठवड्याला ९५ पौंड, खोली, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून, रक्कम दर शुक्रवारी आपाच्या तिथल्या बँक खात्यात, खोली सोडायची किंवा सोडवायची तर चार आठवड्यांची सूचना. मुलगा राहायला आला त्याच आठवड्यात मुलीने पेन्शनच्या कार्यालयाला फोन करून कळवले. उत्पन्न धरले गेले साडेसदतीस पौंड. दुल्हाभाईंनी हिशेब आम्हाला फोनवर स्वतः वाचून दाखवला, आणि शेवटी विचारले की रमजानात सहरी नाश्त्यात धरायची की नाही.